अर्थाची तार

अक्कोळ रोडला, तंबाखूच्या वखारीपुढं
पद्मिनी उभी राहिली ती उभीच.
बॉनेटवर झेंडू, मागच्या काचेवर थर्माकोलची नावं,
भरतेशमधला 'भ' निपाणीतच कुठंतरी पडलेला.
मुहूर्त बारा सत्तावीसचा, सदलग्याला.
घड्याळात अकरा दहा.

दस्तगीर मिस्त्री लुनावरनं उतरला,
मागं मी, मांडीवर पान्यांची पिशवी.
"मार सेल्फ."
इंजिन फिरलं. चांगलं जोरात फिरलं,
घर्र घर्र घर्र,
जत्रेतला पाळणा रिकामाच फिरावा तसं.

"पेट्रोल नसंल."
"प्लग बदला सगळे."
पायगोंडा मामांनी टायरला लाथ घातली,
चप्पल नवी होती, तीच तुटली.
मिस्त्री कुणाकडं बघेना.
"फिरतंय म्हंजे बॅटरी बरी हाय.
करंट बघू. धर रे."

प्लगची वायर उपसून
टोक हेडपासून जवभर लांब धरलं मी.
डोळे बारीक केले, श्वास आवळला.
सेल्फ मारला. काही नाही.
नवरीचे काका गोकाकचे, न्यायला आलेले,
माझ्या खांद्यावरनं वाकून म्हणाले,
"किडी बरवल्दु."
मामा दचकले, "इंजनात किडी?"
"ठिणगी हो, ठिणगी," मागनं कोणतरी.
मिस्त्रीला दोन्ही शब्द चालत होते,
येत मात्र काहीच नव्हतं.

मग पिशवीतनं त्याचा दिवा निघाला:
स्कूटरचा बल्ब, दोन वायरी, टोकाला दाभण.
कॉइलच्या अलीकडं टेकवला, लागला.
पलीकडं टेकवला, लागला.
"आता मार."
इथं त्यानं लुकलुकायचं असतं,
पॉइंट मिटले की विझायचं, उघडले की लागायचं.
तो आपला टक लावून बघतच राहिला
सोयऱ्यांच्या घरी आलेल्या म्हाताऱ्यागत.
मिस्त्री पहिल्यांदा हसला.
"करंट जातोय तिथवर. परत जायला वाट न्हाई त्येला."

टोपी काढली, रोटर काढला.
पॉइंट घासले, गाळा मोजायची पट्टी घरी राहिलेली,
म्हणून लग्नपत्रिकेचा कोपरा फाडून आत घातला.
बरोब्बर बसला.
तरी दिवा तसाच.

तेव्हा मिस्त्रीनं नखानं
तळाची एक वायर उचलली,
बोटाच्या पेराएवढी, कापडाच्या वेष्टणातली,
प्लेटीपासनं बॉडीला जाणारी.
दिसायला धडधाकट.
हलकी ओढली तर ती लांबायला लागली.
आतली तांब्याची तार केव्हाच तुटलेली,
नुसतं कापड धरून होतं दोन्ही टोकं.

"अर्थ तुटलाय," मिस्त्री म्हणाला.
नवरदेव मराठीचा मास्तर, बाशिंग सावरत
खिडकीतनं डोकावला, "कसला अर्थ?"
"बॉडीचा."
तो बराच वेळ तसाच बाहेर डोकं काढून.

बँडच्या टेंपोतनं वीतभर वायर तोडून आणली.
क्लॅरिनेटवाला ओरडत होता, ऐकलं नाही कुणी.
दातानं सोलली, पिळली, स्क्रू आवळला,
रोटर, टोपी जागच्या जागी.
"मार!"
मी अजून प्लगची वायर धरूनच होतो.

निळी. तुरीच्या दाण्याएवढी.
नंतर काय झालं ते कोपराला विचारा, जबड्याला विचारा.
मी बोंबललो,
वऱ्हाडाला वाटलं आनंदानं, त्यांनीही आरोळी ठोकली.
इंजिन तीन पायांवर लंगडत थडथडायला लागलं.
बंद करून चौथी वायर बसवली,
मग एका सुरात.

गाडी गेली. रस्त्यावर झेंडू,
आणि पत्रिकेचा कोपरा, त्यावर काळा डाग
नेमका 'कृपाभिलाषी'च्या खाली.
ती कुजकी वायर मी खिशात टाकली.
मार्चात दहावीच्या पेपरात होतं,
'पुढील ओळींचा अर्थ लिहा'.
मी ओळी जरा ओढून बघितल्या.
पाचपैकी दोन मिळाले.

मामा म्हणाले होते, पैसे लग्नानंतर.
वहीत अजून आहेत: पद्मिनी, अक्कोळ रोड,
पस्तीस रुपये, येणे.